पिलान्सबर्गचे गेंडे कोणी मारले? अवेळी आलेला मद आणि सहा मोठे नर हत्ती

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात पिलान्सबर्ग नॅशनल पार्क आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेल्या ज्वालामुखीच्या गोल डोंगररांगांमधे वसलेलं, साधारण 550 चौरस किलोमीटरचं, चारी बाजूंनी कुंपण घातलेलं. 1992 ते 1997 या काळात इथे 40 पेक्षा जास्त पांढरे गेंडे मेले, आणि ते मारले हत्तींनी. सगळ्या हत्तींनी नाही, कळपातल्या माद्यांनी नाही, तर ठराविक तरुण नरांनी. नर हत्तीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हा नर हार्मोन कधी वाढतो, कोणामुळे वाढतो आणि मुख्य म्हणजे कोणामुळे थांबतो, हे जंगलात इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं प्रकरण मला तरी माहीत नाही, म्हणून ते नीट सुरुवातीपासून मांडतोय.

आधी पार्श्वभूमी. दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रूगर नॅशनल पार्कमधे हत्तींची संख्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून 1967 पासून 1994 पर्यंत दरवर्षी ठरवून हत्ती मारले जायचे, याला तिकडे कलिंग म्हणतात. एवढ्या वर्षांत 14 हजारांहून जास्त हत्ती मारले गेले. हेलिकॉप्टरमधून आख्खा कळप घेरायचा, मोठ्या माद्या आणि मोठी पिल्लं मारायची, आणि अगदी लहान असतील ती जिवंत पकडून दुसऱ्या पार्कना द्यायची, अशी पद्धत. मोठा हत्ती ट्रकमधे घालून शेकडो किलोमीटर न्यायची सोय तेव्हा नव्हती, पिल्लू मात्र क्रेटमधे मावायचं. पिलान्सबर्ग 1979 ला सुरू झालं तेव्हा तिथे मोठे प्राणी जवळपास उरलेच नव्हते, पूर्वीची शेतीची आणि गुरांची जमीन, त्यामुळे बाहेरून हजारो प्राणी आणून पार्क वसवला गेला. त्यात क्रूगरमधली ही अनाथ पिल्लं 1980 च्या दशकात टप्प्याटप्प्याने आली. सगळी दहा वर्षांच्या आतली. ज्या दिवशी आई, मावश्या, आजी गेल्या त्याच दिवशी पकडलेली पिल्लं होती ही, हे विसरून या प्रकरणाकडे बघताच येत नाही.

पिल्लं जगली. पाणी होतं, झाडोरा होता, कुंपणामुळे शिकाऱ्यांपासून बऱ्यापैकी संरक्षण होतं. दहा वर्षं बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असंच वाटलं असणार.

मग गेंडे मरायला लागले. पहिला संशय साहजिकच चोरट्या शिकाऱ्यांवर, कारण गेंडा मेलेला दिसला की शिंगासाठीच मारला असणार हेच डोक्यात येतं. पण शिंगं जागच्या जागी होती. गोळीची खूण नाही, आणि अंगावर खांद्यापाशी, पाठीवर, बरगड्यांत खोल भोकं, सुळे खुपसल्यासारखी. पार्कचे इकॉलॉजिस्ट गस व्हान डाइक आणि रेंजर लोक मग हत्तींवर लक्ष ठेवायला लागले, आणि हळूहळू प्रत्यक्ष बघितलेले प्रसंगही हाती आले : तरुण नर गेंड्याचा पाठलाग करतोय, त्याला पाडतोय, गुडघ्यांवर बसून सुळे घुसवतोय, काही वेळा तर गेंड्यावर चढायचा प्रयत्न करतोय. हत्ती आणि गेंडा एरवी एकाच पाणवठ्यावर येतात, हत्ती कान फडकवून दोन पावलं पुढे येतो, गेंडा बाजूला होतो, विषय संपतो. मुद्दाम मागे लागून मारणं हे कुठल्याच अर्थाने नेहमीचं वागणं नाही. आणि मरत कोण होतं तर दक्षिणेकडचा पांढरा गेंडा, ज्याची संख्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शंभराच्या आत आली होती आणि ज्याला माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून परत वर आणलं होतं.

मारणारे नर ओळखता आले, कारण हत्ती कानांच्या कडा आणि सुळ्यांवरून एकेकटा ओळखता येतो. आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, हल्ल्याच्या काळात ते मदात होते.

आता मद म्हणजे नेमकं काय, इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण यावर उभं आहे. आशियाई हत्तीचा मद हजारो वर्षांपासून माहीत आहे, गंडस्थळातून स्राव गळतो, हत्ती ऐकेनासा होतो, माहूत त्याला बांधून ठेवतात. आफ्रिकन हत्तीत मात्र मद असतो हे शास्त्राने मान्य केलं 1981 साली, हत्तींच्या अभ्यासक जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी केनियातल्या अंबोसेली पार्कमधल्या निरीक्षणांवरून ते मांडलं तेव्हा. त्याआधी घोटाळा असा व्हायचा की आफ्रिकन हत्तीच्या कानशिलातला स्राव माद्यांना आणि पिल्लांनाही येतो, घाबरले, आनंदले, उत्तेजित झाले की येतो, त्यामुळे नराच्या स्रावाला वेगळा अर्थ असेल असं कोणाला वाटलं नाही. पण मदातल्या नराची लक्षणं वेगळीच असतात. ग्रंथी सुजते आणि दाट चिकट स्राव गालावरून खाली येत राहतो, लघवी सतत थेंबथेंब गळत राहते आणि मागच्या पायांना तिचा उग्र वास चिकटतो, लिंगावर हिरवट झाक येते, डोकं उंच, हनुवटी आत, चाल ठाम, आणि माणसाच्या कानाला जेमतेम जाणवेल इतक्या खालच्या सुरातली एक वेगळी घरघर, जी फक्त मदातलाच नर काढतो.

आतमधे काय चाललेलं असतं तर टेस्टोस्टेरॉन एरवीच्या कितीतरी पट वर गेलेला असतो. 1972 मधे श्रीलंकेतल्या हत्तींच्या रक्तात ही वाढ पहिल्यांदा नीट मोजली गेली, नंतर पूल आणि सहकाऱ्यांनी अंबोसेलीत लघवीच्या नमुन्यांमधून तेच दाखवलं, आणि पुढे शेणातून हार्मोन मोजायच्या पद्धती आल्यावर जंगली नराला हात न लावता हे बघता यायला लागलं. त्या अभ्यासांतून एक महत्त्वाची गोष्ट निघाली, मदात नर हार्मोन चढतात पण स्ट्रेसचे हार्मोन त्यांच्यासोबत चढत नाहीत. म्हणजे मद हा आजार नाही, वेडाचा झटका नाही आणि ताणाची प्रतिक्रियाही नाही. निरोगी, धष्टपुष्ट नराची ती प्रजननाची अवस्था आहे, आणि ती महाग पडते. नर खाणं कमी करतो, सतत चालत राहतो, वजन उतरतं, मग शरीर साथ देईनासं झालं की मद ओसरतो आणि तो पुन्हा चरायला, अंग धरायला लागतो.

एवढा खर्च कशासाठी? हत्तीण माजावर येते ती जेमतेम काही दिवसांसाठी, मग 22 महिने गाभण, मग पिल्लाला पाजणं, त्यामुळे एकदा व्याली की पुढचं पिल्लू साधारण चार-पाच वर्षांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी अख्ख्या प्रदेशात माजावर असलेली हत्तीण सापडणं हे दुर्मिळच. जो नर मैलोन्‌मैल फिरेल, वासाने आणि आवाजाने तिला शोधेल आणि बाकीच्यांना तिच्यापासून लांब ठेवेल, त्याचंच पिल्लू. मदातला नर आकाराने मोठ्या पण मदात नसलेल्या नरालाही हटवतो, म्हणजे मद हा एक प्रकारे तात्पुरता चढलेला दर्जा आहे, मी आत्ता भिडायला तयार आहे हे सगळ्यांना कळवणारा. अंबोसेलीत पिल्लांचे बाप डीएनएवरून शोधले तेव्हा बहुतेक पिल्लं मदातल्या नरांचीच निघाली आणि नराच्या बाप होण्याचा सर्वोच्च काळ 45 ते 53 वर्षं निघाला. हा आकडा माझ्या मते सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचा. ज्या वयाच्या हत्तीला बाहेरचा माणूस म्हातारा म्हणेल तो खरं तर ऐन भरात असतो.

आणि नर तिथपर्यंत किती हळू पोचतो बघा. बाराव्या-पंधराव्या वर्षाच्या सुमारास आईचा कळप सोडतो. शरीराने तेव्हाच किंवा थोड्याच वर्षांत बाप व्हायला तयार असतो, वीर्य तयार होतं, इच्छाही असते. पण मद येत नाही. अंबोसेलीत पहिला मद साधारण 25 ते 30 च्या दरम्यान, तोही काही दिवसांचा किंवा फार तर काही आठवड्यांचा, आणि लांब, भरगच्च, दोन-दोन चार-चार महिन्यांचा मद चाळिशीत. मधली दहा-पंधरा वर्षं तो इतर नरांबरोबर हिंडतो, ढकलाढकली करतो, मोठ्यांचा वास घेतो, कोण आपल्यापेक्षा वर आणि कोण खाली हे शिकतो.

पिलान्सबर्गमधे हे सगळं पुढे सरकलं होतं. तिथले नर अठराव्या वर्षाच्या आसपासच मदात यायला लागले होते आणि तो मद काही दिवसांत ओसरतही नव्हता, लांबत होता, एखाद्या पूर्ण वाढलेल्या नरासारखा. म्हणजे शरीर अजून कोवळं, मोठ्या माद्या अशा नराला सहसा दाद देत नाहीत, नरांमधे आपली जागा कोणती हे ठरलेलं नाही, आणि अंगात हार्मोन मात्र चाळिशीतल्या हत्तीचे. राग गेंड्यांवरच का निघाला याचं पक्कं उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण चढायचे ते प्रयत्न बघता नरपणाची आणि आक्रमकपणाची दोन्ही वागणी चुकीच्या प्राण्याकडे वळली होती असं समजणं मला पटतं, शिवाय गेंडा मोठा असतो, उघड्यावर असतो आणि पटकन पळून न जाता समोर उभा राहतो.

सुरुवातीला उपाय तोच झाला जो नेहमी होतो, त्रासदायक नर मारले गेले. पण एक मारला तर दुसरा कोणीतरी पुढच्या हंगामात मदात येऊन तेच करायला लागायचा. दोष एखाद्या हत्तीत असता तर तो हत्ती गेल्यावर थांबलं असतं ना. इथे जागाच रिकामी होती. पिलान्सबर्गमधे या पोरांपेक्षा मोठा नर एकही नव्हता.

आणि अंबोसेलीतल्या निरीक्षणांतून एक गोष्ट आधीच माहीत होती, मदातल्या तरुण नरासमोर वरच्या दर्जाचा मदातला नर उभा राहिला की तरुणाचा मद उतरतो. नुसतं मान खाली घालून बाजूला होत नाही तो, तर लघवीचं गळणं थांबतं, कधी काही मिनिटांत, आणि सामना वारंवार होत राहिला तर मदच आटोपतो. याला कारण सरळ आहे, मदात राहणं म्हणजे भिडायची तयारी जाहीर करणं, आणि सहा टनांच्या हत्तीशी भिडण्यात तीन टनांच्या हत्तीचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे जिंकायची शक्यता नसताना मदात राहणं तोट्याचंच. जिथे मोठे नर असतात तिथे तरुणांच्या शरीराला हा ब्रेक वर्षानुवर्षं लागत राहतो. पिलान्सबर्गच्या नरांना तो जन्मात कधी लागलाच नव्हता.

तर 1998 मधे क्रूगरमधून सहा पूर्ण वाढलेले नर पिलान्सबर्गला आणले. तोपर्यंत मोठे हत्ती हलवायचं तंत्र सुधारलं होतं, मजबूत क्रेट, मोठे ट्रक, भूल देऊन उभं नेण्याची पद्धत, म्हणून हे शक्य झालं, दहा वर्षं आधी कोणाला सुचलं असतं तरी जमलं नसतं. नर सोडले, त्यांनी इलाका धुंडाळला, तरुणांशी गाठी पडल्या, आणि तरुणांचा मद आखडला. जे महिनोन्‌महिने मदात असायचे त्यांचे काळ तुटक आणि छोटे झाले. गेंडे मारणं थांबलं. रॉब स्लोटो, गस व्हान डाइक, जॉइस पूल आणि सहकाऱ्यांनी हे सगळं 2000 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं.

हा पुरावा किती भक्कम आहे, तेही तपासायला हवं. एकच पार्क, मोठे नर न आणता तुलनेला ठेवलेला दुसरा पार्क नाही, फक्त आधीचं आणि नंतरचं. कोणी म्हणेल गेंडे मारणारे काही नर आधीच मारले होते, किंवा पोरं वयाने वाढली तशी सुधारली असती. पण वयाने वाढल्यावर मद कमी होत नाही, वाढतो, आणि इथे नेमका तोच आखडला, तोही मोठे नर आल्यावरच. शिवाय क्वाझुलू-नाताळमधल्या शुशलुवे-इंफोलोझी पार्कमधेही हाच इतिहास होता, तीच क्रूगरची अनाथ पिल्लं, तेच गेंड्यांचे मृत्यू, पांढरेही आणि काही काळे गेंडेही, आणि तिथेही पुढे मोठे नर आणले गेले. दोन ठिकाणी एकच कारण आणि एकच परिणाम दिसतो तेव्हा योगायोग म्हणणं मला जड जातं.

या प्रकरणाचा एक अर्थ फार लोकप्रिय झालाय, की ही बापाविना वाढलेली पोरं होती, बाप आले आणि वळण लागलं. ऐकायला भिडतं, पण हत्तींच्या बाबतीत ते खरं नाही. नर हत्ती पिल्लं वाढवत नाही, अंबोसेलीतल्या कुठल्याही सुखरूप कळपातल्या पिल्लालाही बाप असा जवळ नसतोच. आणि त्या सहा नरांनी कोणाला काही शिकवायला वर्षं घालवली नाहीत, परिणाम त्याच्या कितीतरी आधी दिसला. त्यांनी जे केलं ते फक्त तिथे असणं. त्यांच्या वासाने, आवाजाने, आकाराने तरुणांच्या शरीरातला हार्मोनचा चढ थांबला. म्हणून मला वाटतं की टेस्टोस्टेरॉन हा एकट्या हत्तीच्या अंगातला मामला समजणं हीच चूक आहे, नराच्या रक्तात किती चढेल हे आसपास अजून कोण उभं आहे यावर ठरतं.

आशियाई हत्तीत याची रासायनिक बाजू छान दिसते. कोवळ्या नराला सुरुवातीला जो मद येतो त्याच्या स्रावाला मधासारखा गोड वास असतो, मोठ्या नराच्या मदाला उग्र दुर्गंध. बेट्स रासमुसेन यांनी 2002 मधे हे दाखवलं. संस्कृत काव्यात हत्तीच्या गंडस्थळावर भुंगे घोंघावतात ते वर्णन आपण कल्पना म्हणून सोडून देतो, पण गोड वासाचा मद खरोखर आहे. आणि त्याचा उपयोग बहुधा असा, की मी अजून लहान आहे, तुमच्या स्पर्धेत नाही, हे वासानेच कळलं की मोठा नर मारत नाही. म्हणजे वयाप्रमाणे मद बदलण्याची सोय शरीरातच आहे, फक्त समोर तो वास ओळखणारा मोठा नर हवा.

पिलान्सबर्गच्या माद्यांचं काय झालं हा भाग सहसा कोणी सांगत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अमेरिकेत माणसांच्या हाताखाली वाढलेल्या दोन मोठ्या आफ्रिकन हत्तिणी आणून सोडल्या होत्या, दुर्गा आणि ओवाला, आणि अनाथ पिल्लं त्यांच्यामागे गेली, कळपासारखं काहीतरी जमलं. पिल्लांना मोठ्या मादीची गरज आहे हे तेव्हाच कळलं होतं, मोठ्या नराची गरज असेल हे मात्र कोणाच्या मनातच आलं नाही, कारण नर हत्ती म्हणजे एकलकोंडा असंच धरलेलं होतं. आणि माद्यांचंही सगळं भरून आलं नाहीच. 2013 मधे ग्रेम शॅनन, कॅरन मकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी पिलान्सबर्ग आणि अंबोसेलीच्या कळपांना वेगवेगळ्या हत्तींचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. ओळखीचा कोण, परका कोण, परका असेल तर वयाने मोठा म्हणजे जास्त धोक्याचा आहे का, हे अंबोसेलीचे कळप बरोबर ओळखून त्याप्रमाणे गोळा व्हायचे, पिलान्सबर्गच्या कळपांना ते जमत नव्हतं. कलिंगनंतर कित्येक वर्षांनी, पार्क शांत असताना. म्हणजे नरांचा मद सहा हत्ती आणून ताळ्यावर आला, पण आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे जाणारं शहाणपण ट्रकमधून आणता आलं नाही.

लहान कुंपणाच्या पार्कांमधे आता दुसराही मार्ग वापरतात, नर हार्मोन तयार करण्याचा मेंदूतला संदेश अडवणारी लस. तिने मद आणि आक्रमकपणा उतरतो, आणि जिथे सहा टनांचा नर ठेवायला जागाच नाही तिथे ती मारण्यापेक्षा कधीही बरी. पण लस एका हत्तीवर चालते आणि परत परत द्यावी लागते, मोठा नर एकाच वेळी सगळ्या तरुणांवर चालतो आणि वर पिल्लंही होतात, त्यामुळे जागा असेल तिथे माझं मत सरळ मोठ्या नरांच्या बाजूने आहे.

बोत्स्वानातल्या माकगाडिकगाडी भागातून 2021 मधे जे आलं ते वाचून हे प्रकरण जुनं झालेलं नाही हे पटतं. तिथे हत्ती कुंपणात नाहीत, अनाथही नाहीत, तरी ज्या वेळी आसपास मोठे नर कमी असतात त्या वेळी तरुण नर गाड्यांवर, गुरांवर, इतर प्राण्यांवर जास्त धावून जातात असं कॉनी ॲलन आणि सहकाऱ्यांना दिसलं. आणि आफ्रिकेत जिथे जिथे शिकारीचे परवाने दिले जातात किंवा चोरटे शिकारी शिरतात तिथे पहिला नंबर लागतो तो सगळ्यात लांब सुळ्यांच्या नराचा, म्हणजे नेमका 45-50 च्या आसपासचा. परवाना देताना बरेचदा युक्तिवाद असा असतो की याची पैदास करायची वर्षं संपली, कळपाला याचा उपयोग नाही. पण पिलान्सबर्गला आणलेल्या त्या सहा नरांनी एकही पिल्लू दिलं नसतं तरी गेंड्यांसाठी त्यांचं काम तेवढंच झालं असतं.